दोन पेडलची छोटी मोटार : जमा किती, खर्च किती?

किती घरांतून बाईचे ड्रायव्हिंग लायसन्स कपाटाच्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डबीशेजारी जपून ठेवलेले असते! हौसेने क्लास लावला, परीक्षा दिली, पेढे वाटले आणि त्यानंतर किल्ली काही हातात आली नाही. कारण विचारा, उत्तर ठरलेले. "अहो, सरळ रस्त्यावर येते की मला! पण चढावर सिग्नल लागला की पोटात गोळा येतो. गाडी मागे सरकते, मागचा हॉर्न वाजवतो, पाय गडबडतो आणि गाडी बंद पडते. नकोच ते!"

मैत्रिणींनो, हे उत्तर जरा नीट ऐकून पाहा. यात स्टिअरिंगची भीती नाही, ब्रेकची नाही, रहदारीचीही फारशी नाही. भीती आहे ती डाव्या पायाखालच्या एका पेडलची, म्हणजे क्लचची. मग ते पेडलच नसलेली मोटार घेतली तर?

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांतून अशा लहान ऑटोमॅटिक मोटारी पुष्कळ दिसू लागल्या आहेत. शोरूममधला विक्रेता त्यांचे गुण गाईल आणि गल्लीतला मेकॅनिक नाक मुरडील. आपण मात्र घरातल्या हिशेबाच्या वहीसारखी दोन पाने मांडू या, एक जमेचे आणि एक खर्चाचे. कारण हा साडीचोळीचा खर्च नव्हे. पाचसहा लाखांचा व्यवहार आहे आणि त्यात आपली मुले-माणसे बसायची आहेत.

आधी थोडी ओळख

गिअर आपोआप बदलणारी मोटार ही काही आजची नवलाई नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ साली 'हायड्रा-मॅटिक' गिअरबॉक्स आणला. पण त्या गाड्या मोठ्या आणि श्रीमंती थाटाच्या. लहान मोटारीला हे सुख दिले ते हॉलंडच्या 'डॅफ' कंपनीने, १९५८ साली. त्या चिमुकल्या डॅफ मोटारीत दातेरी चाकांचे गिअरच नव्हते. दोन पुल्या आणि त्यांवरून फिरणारे पट्टे, बस्स. पुल्या रुंद-अरुंद होत आणि त्याप्रमाणे गाडीची ओढ आणि वेग बदले. ही गाडी जेवढी जोरात पुढे, तेवढीच जोरात मागेही पळे. हॉलंडमध्ये तिच्या उलट्या शर्यतीसुद्धा लावल्या जात!

पट्ट्यापुलीची ही युक्ती आपल्याला अगदीच अनोळखी नाही. १९८४ साली कायनेटिक होंडा स्कूटर आली तिच्यात हेच तत्त्व होते. ना क्लच, ना गिअर, आणि किक मारायच्या ऐवजी बटण. पुण्यातल्या कितीतरी शिक्षिका, परिचारिका आणि बँकेतल्या बायका त्या स्कूटरवरून कामावर जाऊ लागल्या. पुढे बिनगिअरच्या स्कूटरी इतक्या रुळल्या, की आता कुणाला त्यात विशेष वाटत नाही.

मोटारीच्या बाबतीत मात्र वेळ लागला. नव्वदच्या दशकात मारुती झेनची ऑटोमॅटिक आली होती, पण ती महाग पडे आणि पेट्रोलही जास्त पिई. मध्यमवर्गीय घराला ते परवडेना. जानेवारी २०१४ मध्ये मारुती ८०० चे उत्पादन थांबले आणि पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीची सेलेरिओ दाखल झाली. तिच्यात 'एएमटी' जातीचा गिअरबॉक्स होता. लहान ऑटोमॅटिक मोटार आपल्याकडे सामान्य घराच्या आवाक्यात आली ती तेव्हापासून. मग ऑल्टो, वॅगन-आर, क्विड, टियागो अशा कितीतरी गाड्यांत एएमटी मिळू लागले.

हे एएमटी म्हणजे काय? घाबरू नका, सोपे आहे. गिअरबॉक्स नेहमीचाच. क्लचही आहेच, तो कुठे गेलेला नाही. फक्त क्लच दाबणे, गिअर काढणे, दुसरा टाकणे, क्लच सोडणे ही चार कामे तुमच्या पायाहाताऐवजी गाडीतला छोटा संगणक आपल्या यंत्रणेकडून करून घेतो. हे एक वाक्य ध्यानात ठेवा. या गाडीचे बरेचसे गुण आणि बरेचसे दोष त्यातूनच निघतात.

याखेरीज आणखी दोन जाती आहेत. एकीत, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, तेलाच्या साहाय्याने ओढ चाकांकडे जाते. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक लावला तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो ना, तसेच काहीसे. दुसरी सीव्हीटी, म्हणजे डॅफसारखी पट्ट्यापुलीची. या दोन्ही चालायला मऊ, पण महाग. एएमटीसाठी त्याच मॉडेलच्या साध्या गाडीपेक्षा साधारणपणे चाळीस ते साठ हजार रुपये जास्त मोजावे लागतात. सीव्हीटीचा फरक लाखाच्या घरात किंवा त्याहूनही वर जातो. म्हणून लहान गाडीत बहुधा एएमटीच भेटते.

जमेचे पान

पहिली जमा पायाची. ऑफिस सुटायच्या वेळी लक्ष्मी रोडवरून किंवा घोडबंदर रोडवरून गाडी काढून पाहा. दहा पावले पुढे, थांबा. पुन्हा दहा पावले, पुन्हा थांबा. दर वेळी डावा पाय दाबायचा आणि अलगद सोडायचा. चाळिशी उलटलेल्या, दिवसभर उभे राहून काम केलेल्या बाईच्या गुडघ्याला हे सोसत नाही. ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय नुसता टेकवून ठेवायचा. ज्यांचा डावा गुडघा किंवा घोटा दुखरा आहे त्यांच्यासाठी एवढा एक गुणच पुरेसा आहे.

दुसरी जमा लक्षाची. गिअरच्या विचारात गुंतलेले मन मोकळे झाले की नजर रस्त्यावर राहते. मधेच धावत येणारे पोर, उजवीकडून घुसणारी मोटारसायकल, अचानक थांबलेली रिक्षा या गोष्टी वेळेवर दिसतात. नव्याने शिकणारीला तर हा फरक फार जाणवतो.

तिसरी जमा रांगण्याची. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअर टाकून ब्रेकवरचा पाय सैल केला की ॲक्सिलरेटर न दाबताही गाडी हळूहळू पुढे सरकते. गर्दीत किंवा सोसायटीच्या चिंचोळ्या पार्किंगमध्ये नुसत्या ब्रेकवर गाडी नाचवता येते. मात्र ही सोय सगळ्या गाड्यांत सारखी नसते, म्हणून घेताना मुद्दाम पाहून घ्यावी.

चौथी जमा पेट्रोलची. जुन्या ऑटोमॅटिक जास्त पेट्रोल पीत, हे खरे. एएमटीचे तसे नाही, कारण आतली यंत्रणा साध्या गाडीचीच. २०१४ च्या सेलेरिओला कंपनीने साध्या आणि ऑटोमॅटिक दोन्हींत लिटरला २३.१ किलोमीटर हाच आकडा दिला होता. चाचणीतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांत अंतर असतेच, पण ऑटोमॅटिक म्हणून वेगळा दंड पडत नाही, एवढे त्यावरून समजते.

पाचवी जमा आकाराची. या गाड्या सुमारे साडेतीन-पावणेचार मीटर लांब. जुन्या पेठेतल्या बोळात वळतात, भाजीमंडईजवळच्या एवढ्याशा जागेत मावतात.

आणि सहावी जमा वहीत आकड्याने लिहिता येत नाही. ठाण्याला आमच्या ओळखीच्या एक वहिनी आहेत. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. यजमान फिरतीवर, मुलगा परगावी. पहाटे रिक्षा मिळेपर्यंत म्हातारा जीव फाटकाशी उभा. लायसन्स होते, पण बारा वर्षांत त्यांनी गाडी हातात घेतली नव्हती. शेवटी जुनी गाडी विकून छोटी ऑटोमॅटिक घेतली. महिनाभर सरावाचा गेला. आता सासरे मागच्या सीटवर बसतात आणि म्हणतात, "सूनबाई, सावकाश हाक हो. मला काही घाई नाही." वहिनींनी आम्हाला सांगितले, "गाडीपेक्षा जास्त काय झालं ठाऊक आहे? कुणाची वाट बघणं संपलं."

खर्चाचे पान

आता दुसरी बाजू. ती लपवून चालणार नाही.

पहिली उणीव झटक्याची. एएमटीमध्ये यंत्रणा गिअर बदलते तेव्हा क्षणभर ओढ तुटते आणि मग पुन्हा येते. बसलेल्यांची मान किंचित पुढे-मागे होते. सवयीने हे कमी करता येते. गिअर बदलतोय असे वाटताच ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित हलका करायचा. पण ज्यांना गाडी लागते त्यांना पहिले काही दिवस त्रास होऊ शकतो.

दुसरी उणीव जास्त महत्त्वाची. ओव्हरटेक करताना तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, आणि गाडी जणू "थांबा हं, विचार करते" म्हणते. खालचा गिअर घ्यायला तिला क्षणभर लागतो. शहरात हा क्षण काही मोठा नव्हे. पण दुपदरी हमरस्त्यावर समोरून ट्रक येत असताना तोच क्षण जिवाशी गाठ घालतो. नियम असा ठेवा की समोरचा रस्ता दूरवर रिकामा दिसल्याखेरीज ओव्हरटेक नाही. बऱ्याच गाड्यांत 'एम' म्हणजे हाताने गिअर बदलण्याची सोय असते. ओव्हरटेक करण्याआधी एम मध्ये जाऊन खालचा गिअर घेतला तर गाडी लगेच उचल खाते.

तिसरी उणीव चढाची. ज्या चढाला भिऊन आपण ऑटोमॅटिक घेतली, तो चढ अगदीच नाहीसा होत नाही बरं का! चढावर ब्रेक सोडला की पुष्कळशा जुन्या एएमटी गाड्या हातभर मागे येतात. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत 'हिल होल्ड' ही सोय असते. ती ब्रेक सोडल्यावरही क्षणदोन क्षण गाडी धरून ठेवते. ही सोय नसेल तर हँडब्रेक ओढावा, ॲक्सिलरेटर हलकेच दाबावा, गाडी पुढे ओढू लागल्याचे जाणवले की हँडब्रेक सोडावा. चढावर थांबताना गाडी कधीही ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नये. आत क्लच आहेच, हे विसरू नका. तो तापतो, जळका वास येतो आणि मोठा खर्च निघतो.

चौथी उतरणीची. पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्याचा घाट उतरायचा असतो. गाडी 'डी' मध्येच ठेवली तर ती वरचा गिअर घेण्याचा संभव असतो. मग इंजिनाचा आवर राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि नीट धरेनासे होतात. घाटात एम मध्ये जाऊन दुसरा किंवा तिसरा गिअर धरावा. आणि उतरणीवर 'एन' म्हणजे न्यूट्रल कधीही टाकू नये. पेट्रोल वाचते म्हणून कुणी कितीही सांगो!

पाचवी उणीव बंद पडल्यावरची. बॅटरी उतरली की साध्या गाडीला चार माणसे ढकलून सुरू करतात. ऑटोमॅटिकला ते चालत नाही. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला तारा जोडून सुरू करावी किंवा मदतीची गाडी बोलवावी. ओढून नेण्याची वेळ आलीच, तर पाटावर घालून नेणारी गाडी मागवणे उत्तम. त्या सोयीचा नंबर गाडीच्या कप्प्यात लिहून ठेवा. आणि यंत्रणा बिघडली तर तो खेडेगावच्या नाक्यावरचा धंदा नव्हे. कंपनीच्या वर्कशॉपमध्येच जावे लागते आणि बिलही त्या मानाने येते.

सहावी उणीव लहान गाडीची म्हणून. स्वस्त आणि हलकी गाडी अपघातात किती टिकते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. २०१६ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेल्या सेलेरिओची धडक-चाचणी घेतली तेव्हा तिला मोठ्यांच्या सुरक्षिततेत एकही तारा मिळाला नाही. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली आणि पुढे शेजारच्या सीटचीही. तेव्हा जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेत असाल, तर ती कोणत्या सालची आणि एअरबॅग किती, हे आधी विचारा. नवी घेताना भारत एनकॅपचे तारे विचारा. ही आपली स्वतःची चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली आहे. आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, यात तडजोड नाही.

डाव्या पायाला रजा द्या

या गाडीत सर्वांत मोठा धोका यंत्राचा नसतो, सवयीचा असतो. साधी गाडी चालवलेल्या माणसाचा डावा पाय क्लच शोधतो आणि नेमका ब्रेकवर जोरात पडतो. गाडी जागच्या जागी थबकते आणि मागचा येऊन आदळतो. त्याहून भयंकर म्हणजे घाईत ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबणे. साध्या गाडीत गोंधळ झाला की ती बहुधा बंद पडते. ऑटोमॅटिक बंद पडत नाही, ती धावत सुटते. म्हणून या सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्या :

• दोन्ही पेडलसाठी उजवा पायच वापरायचा. डावा पाय मागे घेऊन टेकवायचा आणि तिथेच ठेवायचा.

• उजवी टाच ब्रेकसमोर जमिनीवर ठेवावी. ॲक्सिलरेटरसाठी पंजा फक्त उजवीकडे कलवावा.

• गाडी सुरू करताना आणि गिअर टाकताना ब्रेक दाबलेलाच हवा.

• पुढून मागे किंवा मागून पुढे जाताना गाडी पूर्ण थांबवा, दांडा हलवा, समोरच्या पट्टीवर अक्षर बदललेले पाहा आणि मगच ब्रेक सोडा.

• फाटक उघडायला उतरायचे आहे? आधी हँडब्रेक, मग एन, मग इंजिन बंद आणि किल्ली आपल्या हातात. गाडी 'डी' मध्ये सोडून कधीही उतरू नये. मुले आत असतील तर मुळीच नाही.

• बऱ्याच एएमटी गाड्यांत पार्किंगचा 'पी' नसतो. तेव्हा हँडब्रेक पक्का ओढणे आणि गाडीसोबतच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दांडा ठेवणे आवश्यक आहे. ती पुस्तिका वाचा. तिची घडी मोडल्याशिवाय कपाटात टाकू नका.

• सटकणारी चप्पल आणि उंच टाच नको. गाडीत एक साधा, मागे पट्टा असलेला सँडल ठेवून द्यावा. साडीच्या निऱ्या जरा वर खोचाव्यात आणि ओढणीला गाठ मारावी.

पैसे मोजण्यापूर्वी

ट्रायलला कोण जाते? बहुतेक घरांत यजमान आणि चिरंजीव. मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारतात आणि "छान आहे गं" म्हणून येतात. तसे करू नका. जी चालवणार तिनेच स्टिअरिंगवर बसावे, आणि घरची तीन माणसे आत बसवून ट्रायल घ्यावी. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांत फार फरक असतो.

पाच गोष्टी पाहाव्यात. एक, चढावर किंवा तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर मधेच थांबून पुन्हा निघून पाहा. गाडी किती मागे येते? दोन, एसी लावून तोच चढ पुन्हा चढा. तीन, चाळीसच्या वेगावर असताना ॲक्सिलरेटर झटकन दाबा आणि गाडी किती वेळाने उचल खाते ते पाहा. चार, मागे घेत पार्किंग करा. मागची काच लहान वाटते का? सीट पुढे घेतल्यावर पाय नीट पोचतात का? पाच, सासूबाईंना मागे बसवा आणि उतरवा. गुडघे दुमडायला जागा आहे का ते त्याच सांगतील.

सीएनजीवर चालवायची असेल तर आणखी एक. कंपनीने बसवलेला सीएनजी आणि ऑटोमॅटिक गिअर एकत्र मिळणे बरीच वर्षे शक्य नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये टियागो आणि टिगोरमध्ये ते प्रथम आले. मात्र सिलिंडर असला की डिकीतली जागा कमी होते, तेव्हा आजीची चाकांची खुर्ची ठेवायची असेल तर आधी मापून घ्या.

विजेवरच्या छोट्या गाड्यांत, म्हणजे २०२२ मध्ये आलेली टियागो ईव्ही किंवा २०२३ मधली तीन मीटरहूनही आखूड कॉमेट, यांत गिअर बदलण्याचा प्रश्नच नाही, झटकाही नाही. चालायला त्या एएमटीहून कितीतरी मऊ. पण किंमत जास्त, आणि सोसायटीत आपल्या जागेवर चार्जिंगची सोय मिळते का, हे सेक्रेटरींकडून लेखी घेतल्याशिवाय बुकिंग करू नये.

कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये?

रोजचे जाणे-येणे शहरातले, गर्दीतले असेल. घरात गुडघेदुखी असेल. लायसन्स आहे पण क्लचच्या भीतीने हात बसत नसेल, तर जास्तीचे चाळीस-पन्नास हजार सत्कारणी लागतील. उलट, दर शनिवारी घाट ओलांडून गावी जायचे असेल, गाडी नेहमी माणसांनी आणि सामानाने भरलेली असेल, जवळपास वर्कशॉप नसेल, तर साधी गाडीच बरी. किंवा पैसे असतील तर जरा मोठे इंजिन आणि मऊ चालणारी ऑटोमॅटिक पाहावी.

आणि घेतल्यावर? पहिला आठवडा रोज सकाळी साडेसहाला, रहदारी सुरू होण्याआधी, अर्धा तास सराव करा. शेजारी बसवायचे ते शांत डोक्याचे माणूस. "अगं ब्रेक! अगं ब्रेक!" म्हणून ओरडणारे नको, मग ते कितीही प्रेमाचे असो. दुसऱ्या आठवड्यात मंडईपर्यंत एकटीने जा. तिसऱ्या आठवड्यात मुद्दाम तोच चढाचा सिग्नल निवडा, ज्याने इतकी वर्षे लायसन्स लॉकरमध्ये ठेवायला लावले. हँडब्रेक ओढा, हिरवा दिवा लागू द्या आणि सावकाश निघा. मागचा हॉर्न वाजवीलच. वाजवू द्या.